आधी डिस्ट्रिब्युटर हलवून बघ

जुन्या गाडीतले पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घ्यायचं ठरवलंस, चांगलंच आहे. पण आधी डिस्ट्रिब्युटरची (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाची) कॅप काढ आणि शाफ्ट आडवा हलवून बघ. तो खुळखुळत असेल तर पॉइंटचा गॅप स्थिर राहत नाही, टायमिंगही (ठिणगी पडायची वेळ) भटकतं. मग वर कितीही महागडं किट लाव, उपयोग नाही. अ‍ॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आधी पाडणारी) वजनं गंजून अडकलीत का, व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सचा पडदा फाटलाय का, तेही तपास. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

हे ठीक असेल तर रस्त्यावरच्या गाडीला पॉइंटच्या जागी बसणारं साधं मॉड्यूल पुरे. सीडीआय (कपॅसिटरमधून ठिणगी देणारी इग्निशन) रेसवाल्यांना लखलाभ.

कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) मात्र मॉड्यूलला जुळणारी हवी. मीटरने तिच्या प्रायमरी गुंडाळीचा रोध मोज. साधारण ३ ओहम आले तर ती बहुधा बॅलास्टशिवाय (प्रवाह कमी ठेवणाऱ्या वेगळ्या रेझिस्टरशिवाय) चालणारी, १.५ च्या आसपास असेल तर बॅलास्ट रेझिस्टरवाली. चुकीची जोडी लावून मी एक मॉड्यूल जाळलंय. (दुसरं मॉड्यूल इंजिन बंद ठेवून, चावी ऑन करून रेडिओ ऐकताना गेलं.) गाडी पॉझिटिव्ह अर्थची (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेली) तर नाही ना, तेही बघ.

बसवल्यावर टायमिंग लाइट लावून टायमिंग पुन्हा जुळव. काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर डिकीतच राहू दे. मॉड्यूल वाटेत गेलं तर तेच घरी आणतील.