पाठ उघड्या स्पीकरची पहिली मांडणी

भाऊ, हॉल लांबट असेल तर स्पीकर आखूड भिंतीकडे ठेव, पण चिकटवू नकोस. पाठ उघडी, म्हणजे मागे बंद खोकं नाही, मागूनही आवाज निघतो, तोही उलट्या फेजमध्ये (पुढे हवा ढकलली जाते तेव्हा मागे ओढली जाते). मागे किमान १ मीटर सोड. भिंतीवरून परतणारा आवाज मग सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा येतो आणि गाणाऱ्याचा गळा मोकळा होतो. बाजूच्या भिंतींची फार चिंता नको, तिकडे आवाज कमीच जातो.

बेस कमी वाटला की नवखे लगेच स्पीकर मागे ढकलतात. आधी खुर्ची पुढेमागे सरकवून बघ.

स्पीकरच्या दोन जोड्यांची तुलना करताना:
- दोन्ही जोड्यांचा आवाज मोबाइलच्या मीटरवर सारखा कर. जरा मोठा वाजणारा उगाच चांगला वाटतो.
- गाणं एकच, ओळखीचं.
- कूलर बंद! जळगावच्या मे महिन्यात हे जमणार नाही, तेव्हा पहाटे ऐक.

केबलचं नंतर बघू.