विहिरीत पाणी किती, टीसीएल किती?

प्रश्न : आमच्या परसातली विहीर चिऱ्यांनी बांधलेली आहे. कठड्याला बाहेरून टेप गुंडाळला तर घेर १५.७० मीटर भरतो. भिंतीची जाडी ४५ सेंटिमीटर, पाणी ३ मीटर. टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग पावडर) टाकायची आहे, पण आत पाणी किती लिटर ते कसं काढू? वाकून आडवा टेप धरायची भीती वाटते.
– एक वाचक भगिनी, कुडाळ

उत्तर : ताई, वाकू नकाच. पावसाळ्यात कठडा शेवाळलेला असतो. बाहेरच्या घेरावरूनही हिशेब नीट निघतो. आरोग्य सहायक म्हणून गावोगाव विहिरी मोजताना मी हेच करत असे.

घेराला ३.१४ ने भागा. बाहेरचा व्यास ५ मीटर आला. आता भिंत वजा करायची, पण दोन वेळा. व्यास या काठापासून त्या काठापर्यंत जातो, म्हणजे भिंत दोन्हीकडे लागते. ५ मधून ०.९० गेले, आतला व्यास ४.१० मीटर. पुढे ०.७८५ × ४.१० × ४.१० × ३ = ३९.६ घनमीटर, म्हणजे सुमारे ३९,६०० लिटर. (०.७८५ म्हणजे ३.१४ चा चौथा भाग.)

बाहेरचाच व्यास धरला असता तर ५८,९०० लिटर आले असते. व्यासाचा वर्ग होतो, म्हणून भिंतीएवढा फरकही इतका महागात पडतो.

खाली विहीर अरुंद होत असेल तर जिथे पाणी आहे तिथला व्यास धरा. खोलीसाठी दोरीला दगड बांधून सोडा आणि भिजलेली दोरी मोजा. तळ सपाट नसतो, म्हणून दोन-तीन जागी मोजून सरासरी घ्या. हे सगळं सकाळी, पंप लावण्याआधी.

हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने तुम्हाला सुमारे १०० ग्रॅम टीसीएल लागेल. पावडर तशीच विहिरीत फेकू नका. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, वरची निवळी घ्या आणि चुना खालीच राहू द्या. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. रात्री हे केलंत तर उत्तम, नाहीतर निदान तासभर पाणी काढू नका. नंतर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते दाखवणारी चाचणी) करून घ्या. चाचणीत पाणी पिवळं झालं नाही, तर पावडर जुनी असेल किंवा पाणी गढूळ असेल. मात्रा वाढवून पुन्हा तपासा.