रोइंग की इंजिनिअरिंग?

रोइंग, म्हणजे शर्यतीची नाव वल्हवणं, आणि इंजिनिअरिंगचा अभ्यास: एकात मन घातलं की दुसरं सुटतं, ही तुझी भीती मला कळते. पण डिक ड्रायसिगॅकरकडे बघ. १९७२ साली म्युनिक ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून रोइंगमध्ये उतरला, शिक्षण इंजिनिअरिंगचं. पुढे भाऊ पीटसोबत त्यानं लाकडाऐवजी कॉम्पोझिटची (कार्बन फायबरसारखे तंतू आणि राळ यांच्या मिश्र पदार्थाची) वल्ही बनवली. १९८१मध्ये सायकलच्या चाकावर रोइंग मशीन उभं केलं: ओढलं की चाक फिरतं, पाती हवा ढकलतात, जितका जोर, तितका विरोध. तू ज्यावर घाम गाळतोस ते बहुधा त्याच घराण्यातलं!

म्हणून पाण्यातला सराव सोडू नकोस. वल्हं पाण्यात शिरताना हाताला काय जाणवतं, ते त्याच रात्री वहीत लिही. गणित पुस्तकात मिळेल, ही जाणीव नाही. परीक्षेच्या महिन्यात मात्र सराव निम्मा कर, आणि प्रशिक्षकांना आधीच सांगून ठेव.