भाऊ औषध घेत नाही, दवाखान्यातही येत नाही

प्रश्न: माझ्या ३४ वर्षांच्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याने गोळ्या सोडल्या. रात्रभर जागतो, परवा आईच्या अंगावर धावून गेला. दवाखान्यात म्हणाले, त्याची संमती आणा. आम्ही चहातून औषध द्यावं का? फारच चिडला की खोलीला बाहेरून कडी लावतो. वडील नाहीत.

उत्तर: दवाखान्याने तुम्हाला अर्धंच सांगितलं. मानसिक आरोग्य देखभाल कायदा, २०१७ संमतीला मान देतो हे खरं, पण आजाराच्या भरात माणूस स्वतःच्या उपचाराचा निर्णय घेऊ शकत नसेल, तर त्यासाठी कलम ८९ आहे. अलीकडे त्याने स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न केला असेल, दुसऱ्याला मारहाण केली असेल किंवा तशी भीती घातली असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे उपचारांबाबत रुग्णाच्या बाजूने बोलणाऱ्या व्यक्तीच्या, अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. आईवर धावून जाणं यात बसू शकतं. मात्र एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, अशा दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासायला हवं.

हा प्रतिनिधी कोण? भावाने कुणाला नेमलं नसेल तर नातेवाईक, म्हणजे तुम्ही किंवा आई. दोघींपैकी कोण हे आधी ठरवा आणि तसा लेखी होकार डॉक्टरांना द्या. मी अनेक घरांत पाहिलंय, ऐन वेळी सही कुणाची यावरूनच वाद होतो.

तो घरातून हलायलाच तयार नसेल तर? जीवाला किंवा इतरांना गंभीर धोका असेल तेव्हा कलम ९४ प्रमाणे कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधीच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार देऊ शकतो. जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत नेणंही त्यातच येतं. म्हणून आधी डॉक्टर घरी आणायचा प्रयत्न करा. काय बोलावं हे सुचत नसेल तर १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर विचारा.

चहातल्या गोळीला मी नाही म्हणेन. हा कायदा उपचार उघडपणे, शक्य तितक्या संमतीने द्यायला सांगतो, आणि एकदा कळलं की तो तुमच्या हातचं पाणीही पिणार नाही. कडीचं मात्र अधिक गंभीर आहे. साखळीने बांधायला कलम ९५ ची सरळ बंदी आहे, आणि कुणाला डांबून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. शिवाय घरी रुग्णाची हेळसांड होते असं पोलिसांना वाटलं, तर कलम १०१ खाली प्रकरण मॅजिस्ट्रेटकडे जाऊ शकतं. तुमचा हेतू आईला वाचवण्याचा आहे, हे मला दिसतं. कडीमागे आग लागली तर काय, हेही बघा.

दाखल झाल्यावर तो तुमच्यावर चिडेल. प्रतिनिधीला निदान आणि उपचारांची माहिती मागता येते, घरी पाठवण्याच्या नियोजनातही भाग घेता येतो. भाऊ स्वतः दाखल होण्याविरुद्ध मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाकडे, जाऊ शकतो, अडवू नका.

तो सावरला की एक काम करा: साध्या कागदावर, त्याच्या सहीने, त्याच्या पसंतीचा प्रतिनिधी नेमून घ्या. हे नाव भाऊ कधीही बदलू शकतो. त्याने तुमच्याऐवजी एखाद्या मित्राचं नाव लिहिलं, तर वाईट वाटून घेऊ नका.