कमी दाबाचा 'पट्टा' की कमी दाबाचं 'क्षेत्र'?

प्रश्न असा आलाय की पेपरात एक दिवस "कमी दाबाचा पट्टा" लिहितात, दुसऱ्या दिवशी "कमी दाबाचं क्षेत्र", टीव्हीवर "डिप्रेशन" म्हणतात, तर हे सगळं एकच का?

एक नाही. हवामान खात्याच्या नकाशावर सारखा दाब असलेली ठिकाणं जोडून समदाब रेषा काढतात. ती रेषा फिरून स्वतःलाच येऊन मिळाली आणि आत दाब कमी असला की ते क्षेत्र. रेषा बंद न होता नुसती लांबट वाकली तर तो पट्टा, म्हणजे जमिनीवर खळगा आणि चर यात जो फरक तोच इथे. पावसाळ्यात राजस्थानातल्या गंगानगरकडून पार बंगालच्या उपसागरापर्यंत जो असतो तो खरा पट्टा, त्यालाच मान्सूनची आस (म्हणजे अक्ष) म्हणतात. आपल्या पश्चिम किनाऱ्याला समांतर गुजरात ते केरळ असा कधीकधी पसरतो तोही पट्टाच. "द्रोणीय स्थिती" असं वाचाल तर तेही हेच.

आता ओडिशाजवळ समुद्रात "पट्टा तयार झाला" अशी बातमी येते तेव्हा बहुतेक वेळा क्षेत्र म्हणायचं असतं. बोलताना चालून जातं पण बातमीत मला ते खटकतं, कारण मान्सूनचा पट्टा आपल्या जागी थोडा उत्तरेला थोडा दक्षिणेला सरकत राहतो, क्षेत्र मात्र प्रवास करत येतं, उपसागरात तयार होतं आणि ओडिशा, छत्तीसगड करत विदर्भाकडे येतं, आणि सोयाबीन काढायला आलेल्या माणसाला नेमकं हेच हवं असतं की ते कुठून निघालंय आणि कुठे चाललंय. आणि हो, "कमी दबावाचा पट्टा" मराठीत नको. दबाव माणसावर येतो, हवेचा असतो तो दाब.

डिप्रेशन ही क्षेत्राचीच पुढची पायरी. वारा ताशी ३१ किलोमीटरच्या आत असेल तर कमी दाबाचं क्षेत्र (थोडं जोमात असेल तर "ठळक" कमी दाबाचं क्षेत्र), ३१ ते ४९ डिप्रेशन, ५० ते ६१ डीप डिप्रेशन, आणि ६२ पासून चक्रीवादळ. निसर्ग, तौक्ते अशी नावं चक्रीवादळापासून पुढेच मिळतात.

मला कळकळीनं सांगायचंय ते इथे आहे. ही सगळी उतरंड वाऱ्याची आहे, तिच्यात पाऊस कुठेच मोजलेला नाही. पावसाचे शब्द वेगळे, २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. त्यामुळे "वादळाचा जोर ओसरून आता फक्त कमी दाबाचं क्षेत्र उरलंय" हे वाक्य वाऱ्यापुरतं खरं असतं आणि लोक ते ऐकून निर्धास्त होतात, हे चुकीचं आहे. ऑक्टोबर २०२० आठवा. उपसागरातलं डीप डिप्रेशन १३ तारखेला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं, हैदराबादला पूर आला, मग ते कमजोर होत होत तेलंगणातून आपल्याकडे सरकलं आणि त्याच कमजोर अवस्थेत सोलापूर, पंढरपूर, सांगली, पुण्याला झोडपून गेलं. त्याला नाव नव्हतं, म्हणून आज बरेच जण तो नुसता "परतीचा पाऊस" म्हणून सांगतात!

दुसरी गोष्ट, क्षेत्र जिथे आहे तिथेच पाऊस पडतो असंही नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली होती तेव्हा डीप डिप्रेशन होतं ओडिशाकडे. अशी सिस्टीम तिकडे असली की अरबी समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे जोर धरतात, सह्याद्रीला धडकून वर चढतात आणि घाटमाथ्यावर, कोयनेच्या वगैरे पाणलोटात कोसळतात. म्हणून "ते तर तिकडे ओडिशात झालंय, आपल्याला काय" असं म्हणून चालत नाही.

मराठी शब्द कुठला वापरायचा असं विचाराल तर हिंदी बुलेटिनमध्ये डिप्रेशनला "अवदाब" म्हणतात, काही जण तो मराठीतही आणतात. शब्द वाईट नाही, पण वाचून कुणाच्या डोळ्यासमोर काही येत नाही, त्यापेक्षा डिप्रेशनच लिहावं आणि शेजारी पाऊस किती मिलिमीटर आणि कुठल्या नदीच्या खोऱ्यात अपेक्षित आहे ते द्यावं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की मच्छीमाराला होडी काढायची की नाही ते कळतं, तेवढं नदीकाठच्या माणसालाही बातमीतून कळायला हवं.