लालबागला पोचेपर्यंत पाचच फ्रेम

प्रश्न : ताई, माझ्याकडे बाबांचा जुना पेंटॅक्स के१००० आणि ५० एमएमची लेन्स आहे. एप्रिलमधल्या एका रविवारी एचपी५ प्लस या कृष्णधवल फिल्मचे तीन रोल घेऊन सकाळी आठला सीएसएमटीहून निघाले आणि क्रॉफर्ड मार्केट, महंमद अली रोड, भायखळा, लालबाग, परळ करत दुपारी दोनला चालत दादरला पोचले. रोल लॅबमधून धुऊन आणले. फोटो सगळे करडे, मिळमिळीत. निम्म्याहून जास्त माणसं पाठमोरी. कुणासमोर कॅमेरा उचलायचा मला धीरच होत नाही. लेन्स बदलू, फिल्टर घेऊ, की फिल्मचा नाद सोडून मोबाइलवरच काढू? कॉन्टॅक्ट शीट (एका रोलचे सगळे फोटो निगेटिव्हच्याच आकारात छापलेला कागद) सोबत पाठवते आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या तिन्ही कॉन्टॅक्ट शीट टेबलावर ओळीने मांडल्या आणि भिंग घेऊन तासभर बसले. हे काम मला मनापासून आवडतं. माणूस कुठे रमला, कुठे बिचकला, कुठे पाय दुखायला लागले, ते सगळं त्या छोट्या चौकटींत क्रमाने उतरलेलं असतं.

पहिला रोल स्टेशन ते क्रॉफर्ड मार्केट एवढ्यातच संपलाय. स्टेशनच्या इमारतीचेच चौदा फोटो! नवा रोल घातला की हात शिवशिवतात, हे मला माहीत आहे. पण त्याच रस्त्यावर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचं आवार आहे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला तिथेच शिकल्या. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या नवऱ्याच्या नावाने छापून येत, तरी त्या शहरभर कॅमेरा घेऊन फिरत राहिल्या. धीर होत नाही असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा मला पहिल्यांदा त्याच आठवल्या. पुढच्या वेळी त्या फाटकापाशी दोन मिनिटं थांबा आणि मग पुढे जा.

दुसरा रोल जे. जे. फ्लायओव्हरच्या खालचा. मिळमिळीतपणाचं मूळ इथे आहे. के१०००चं उजेड मोजणारं मीटर चौकटीतला सगळा उजेड एकत्र धरून त्याची सरासरी काढतं. पुलाखाली माणूस अंधारात, पण दोन्ही बाजूंनी उन्हाचा झोत चौकटीत शिरतो. काटा त्या झोताला भुलला, त्यामुळे फिल्मला उजेड कमी पडून निगेटिव्ह पातळ, म्हणजे फिकी आली आणि लॅबने ती ओढूनताणून करडी केली. दोष फिल्मचा नाही आणि लॅबचाही नाही. पुलाखाली शिरलात की आपला तळहात त्याच सावलीत धरा, त्याच्यावर मीटर बघा आणि लेन्स आणखी एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड येईल इतकी, उघडा. तुमच्या ४०० आयएसओच्या फिल्मला तिथे साधारण १/१२५ सेकंद शटर आणि एफ/४ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं) येईल. बाहेर कडक उन्हात १/५०० आणि एफ/१६, हवा धुरकट असली तर एफ/११. दुकानाच्या पडवीतल्या मोकळ्या सावलीत १/२५० आणि एफ/८. हे चार आकडे पाठ करा, म्हणजे काट्याकडे बघण्यात समोरची गोष्ट निसटणार नाही. आणि या कॅमेऱ्याच्या मीटरला बंद करायचं बटण नसतं. काम झालं की लेन्सला झाकण लावा, नाहीतर सेल नाहक उतरेल.

आता पाठमोऱ्या माणसांबद्दल. तुम्ही उत्तरेकडे चालत होतात आणि भोवतालची गर्दीही त्याच दिशेने जात होती. चालता चालता फोटो काढला की पाठच मिळणार. यात भित्रेपणा कमी आणि दिशेचा भाग जास्त आहे. थांबा, मागे वळा, लोकांना तुमच्याकडे येऊ द्या. सकाळी उन्हं पूर्वेकडून येतात, म्हणजे उत्तरेकडे तोंड केलं तर तुमच्या उजव्या हाताने. डावीकडच्या फुटपाथवर येणाऱ्यांच्या चेहऱ्यावर ती नेमकी आडवी पडतात. तुमच्या दुसऱ्या रोलची १९ नंबरची फ्रेम बघा. हातगाडीवाल्याच्या एका गालावर ऊन आहे, दुसरा गाल अंधारात आहे आणि मधे नाकाची रेघ स्वच्छ उठली आहे. एकशे आठ फ्रेममधली माझ्या मते ही सर्वांत चांगली. ती तुम्ही बहुधा गाडी वाट अडवून उभी होती म्हणून थांबून काढली असणार.

घराबाहेर पडायची वेळ मात्र बदलाच. एप्रिलच्या शेवटी साडेदहानंतर मुंबईचं ऊन डोक्यावर येतं, आणि मेच्या मध्याला तर एका दुपारी सावली अगदी पायाखाली जाते. त्या उन्हात डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. तुमच्या भायखळ्याच्या रस्त्याचं तेच झालंय. सहाला निघा, दहाला थांबा.

तिसरा रोल बघताना मात्र मी हळहळले. भायखळ्याला बसस्टॉपच्या मागे तो भराभर संपवलात आणि लालबागच्या मसाला गल्लीत पोचलात तेव्हा शिल्लक होत्या पाच फ्रेम. त्याही गल्लीच्या तोंडाशी उभं राहून काढलेल्या. ऐन मिरचीच्या दिवसांत! वर्षाचं तिखट करायला बायका डबे, पिशव्या घेऊन रांगेत बसलेल्या असतात, डंक (मिरची कुटायची यंत्रं) धडधडत असतात, मिरची कुटणाऱ्यांच्या नाकातोंडाला फडकं बांधलेलं असतं. आणि दाराकडून उन्हाची तिरीप आत आली की उडालेली पूड त्यात तरंगताना दिसते. कृष्णधवल फिल्मला याहून चांगलं खाद्य कुठलं?

तुम्ही तिथे लाल मिरचीचा ढीग आणि शेजारी हिरव्या लुगड्यातल्या आजी टिपल्यात. डोळ्यांना ते सुंदरच दिसलं असणार. पण त्या सपाट उजेडात फिल्मला तो लाल आणि तो हिरवा जवळजवळ सारखाच करडा दिसतो, म्हणून ढीग कुठे संपला आणि लुगडं कुठे सुरू झालं तेच कळत नाही. नारिंगी फिल्टर लावला तर मिरची उजळेल, पण दीड-दोन स्टॉप उजेड खाईल आणि त्या अंधाऱ्या गल्लीत ते परवडायचं नाही. त्यापेक्षा डोळे किलकिले करून बघा. दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या तर दोन पावलं सरका आणि उजेड बाजूने किंवा पलीकडून येईल असं करा. मिरचीच्या देठादेठाला कड सुटते. लेन्स ५० एमएमचीच ठेवा. एफ/८ला फोकस ३ मीटरवर लावून ठेवलात तर साधारण २.३ पासून ४.२ मीटरपर्यंत सगळं नेटकं येतं. ३ मीटर म्हणजे तुमची चार पावलं. घराच्या पॅसेजमध्ये चालून ते अंतर अंगात भिनवून घ्या.

संकोचाबद्दल माझा अनुभव सांगते. याच गल्लीत एका मावशींनी मला हात आडवा करून थांबवलं होतं. "तोंड बांधलंय माझं, कसला फोटो काढतेस?" मी कॅमेरा खाली घेतला आणि पिशवीतली माझी मिरची काढून रांगेत बसले. पाऊण तास गेला. मिरची कशी वाळवली, धणे भाजले का, बेडगी किती आणि संकेश्वरी किती, अशी चौकशी झाली आणि मग त्याच म्हणाल्या, "काढ आता." फडकं त्यांनी सोडलं नाही. फोटोत फक्त डोळे आहेत आणि पापण्यांवर तिखटाची पूड बसलेली आहे. सहा फ्रेम काढल्या. पुढच्या वर्षी ५ बाय ७चा प्रिंट नेऊन दिला तर त्यांनी तो डंकाच्या मागे भिंतीवर लावला. त्यानंतर त्या गल्लीत मला कुणी अडवलेलं नाही.

तेव्हा सरळ विचारा, "मावशी, एक फोटो काढू?" नाही म्हणाल्या तर नाही. हो म्हणाल्या की त्या ताठ होऊन कॅमेऱ्याकडे बघतील. तो एक काढा, कारण तो त्यांचा फोटो आहे. मग तिथेच उभ्या राहा. काम पुन्हा सुरू झालं की तुमचा फोटो येईल.

मोबाइलवर काढायला काहीच हरकत नाही, पण तुम्ही फिल्म सोडू नये असं मला वाटतं. हातगाडीवाल्याची ती एक फ्रेम काढणाऱ्या मुलीने सोडू नये. पुढच्या फेरीला एकच रोल न्या. छत्तीसपैकी वीस फ्रेम लालबागसाठी राखून ठेवा आणि भायखळ्यापर्यंत उरलेल्या सोळांत भागवा. चाला मात्र तेवढंच, कारण कुठे थांबायचं हे पायांनाच कळतं. आणि हातगाडीवाल्याचा प्रिंट करून त्याच रस्त्याला त्याला शोधा.

प्रश्न : मी घरीच डी-७६ या डेव्हलपरमध्ये (फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनात) एचपी५ धुतो. हिवाळ्यात रोल छान येत होते, मे महिन्यात सगळे काळेकुट्ट आणि दाणेदार आलेत. वेळ तीच, साडेसात मिनिटं. पावडर खराब झाली का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी थर्मामीटर बुडवून बघा. ती साडेसात मिनिटं २० अंशांची आहेत, आणि मेमध्ये तुमच्या नळाचं पाणी ३० अंशांच्या आसपास असणार. तेवढ्या उष्णतेत डेव्हलपर फार जोरात काम करतो. वेळ कमी करत गेलात तर ती पाच मिनिटांच्या खाली जाते आणि मग फिल्मवर पट्टे, डाग उमटायची भीती असते. घमेल्यात पाणी घ्या, स्टीलच्या डब्यात बर्फ घालून तो डबा त्यात ठेवा आणि रसायनांच्या बाटल्या भोवती उभ्या करा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, तो पातळ होईल. २२ अंशांवर आलं तरी चालेल, तेव्हा सहा मिनिटांपेक्षा थोडं जास्त द्या.

फिक्सर (उमटलेलं चित्र पक्कं करणारं रसायन) आणि शेवटचं धुवायचं पाणीही त्याच घमेल्यात थंड करा. आमच्या स्टुडिओत वडील उटीच्या कारखान्यातले 'इंदू' फिल्मचे रोल धुवायचे तेव्हा मी एकदा थंड फिक्सरमधला रोल थेट नळाखाली धरला होता. फिल्मवरचा थर सुरकुतला, सबंध रोलवर बारीक जाळी पडली. एका बारशाचा रोल होता तो. तेव्हापासून मेमध्ये बर्फाचा डबा आधी भरते आणि टाकीला हात नंतर लावते.