घरातला जुना आदिवासी लाकडी ढोल किती जुना आहे हे कसं ओळखायचं? पॉलिश करून विकला तर किंमत वाढेल का?

पॉलिश करू नका. बाकीचं नंतर.

माझे वडील गडचिरोलीत भामरागडकडे शाळामास्तर होते. बदली झाली तेव्हा गावातल्या एका म्हाताऱ्या माडिया आदिवासी बाबाने स्वतःचा ढोल त्यांना दिला. माझे हात आता थरथरतात, म्हणाला, पोरं त्यांचा नवा कोरतील. शिवण नावाच्या झाडाच्या एकाच ओंडक्यातून पोखरून काढलेला, कुठे सांधा नाही. शिवण हलकी आणि वाळल्यावर सहसा तडकत नाही, म्हणून ढोलाला चांगली. पावसाळ्यात चामडं सैल पडून आवाज बसतो. आम्ही नागपूरला आल्यावरही वडील अंगणात शेगडी पेटवायचे, ढोल धगीला धरायचे आणि पान, म्हणजे तोंडावरचं चामडं, ताणलं की बोटाने एकदाच वाजवून बघायचे. दर आषाढात. आम्ही भावंडं तेवढ्यासाठी जागी राहायचो.

वडील गेल्यावर ढोल थोरल्या भावाकडे गेला. सहा महिन्यांनी बघतो तर दोन्ही पानं काढलेली, वाद्या कापलेल्या, काठावरच्या कोरीव रेघा पॉलिश पेपरने घासून सपाट, आणि वर गोल काच. टीपॉय! "नाहीतर सडलाच असता," हे त्याचं आजही उत्तर. चाळीस वर्षं शेगडीवर शेकलेला ढोल कसा सडला असता?

तर, वय. बाहेरून नव्हे, आत टॉर्च मारून बघा. हाताने कोरलेल्या ढोलात वाकस आणि पटाशी या सुतारी अवजारांचे घाव वेडेवाकडे, कमी-जास्त खोल असतात. यंत्रावर फिरवलेल्याला एकसारख्या गोल रेघा येतात. झीज कारणाने झालेली हवी : खांद्यावरचा पट्टा घासतो तिथे, तळवा पडतो तिथे. सगळीकडे सारखाच काळपटपणा दिसला तर तो लावलेला समजा. कार्बन डेटिंगवर, म्हणजे लाकडातल्या कार्बनवरून वय काढणाऱ्या चाचणीवर, पैसे घालू नका. गेल्या तीनेकशे वर्षांतल्या लाकडाचं नेमकं वय त्यातून निघत नाही, आणि निघालं तरी ते झाडाचं, ढोलाचं नव्हे.

किमतीचा आकडा मी सांगणार नाही. पण मूळ पान, मूळ वाद्या आणि कुठल्या गावातून, कोणाकडून आला ही माहिती, जाणकार पैसे मोजतो ते याला. हे तिन्ही घालवून मग चकाकी आणायची, हा माझ्या मते शुद्ध अडाणीपणा आहे, मग तो सख्ख्या भावाने केलेला का असेना.

दोन गोष्टी राहिल्या. ढोलाखाली पिवळसर भुगा पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. तेव्हा मात्र थांबू नका, संग्रहालयात वस्तू जतन करणाऱ्या माणसाला दाखवा. आणि ढोल शंभर वर्षांपेक्षा जुना निघाला तर 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार तो देशाबाहेर विकता येत नाही, तेव्हा परदेशी गिऱ्हाईक शोधत बसू नका.

पान फाटलेलं असलं तरी फेकू नका, जपून ठेवा. आमच्या ढोलाची पानं भावाने कचऱ्यात दिली. ढोल परत दे, तेवढ्याच मापाचा नवा टीपॉय मी करून देतो, असं त्याला तीनदा सांगून झालंय.